दुसरा चिम्पान्झी

आमच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशावर एक बुलबुल रोज सकाळी चोच आपटायचा. आरशातला बुलबुल त्याला प्रतिस्पर्धी वाटे, आणि तो काही केल्या हटेना. शेवटी स्कूटरवाल्या काकांनी आरशावर दुधाची रिकामी पिशवी चढवली. ‘मी’पणाचा उलगडा नुसत्या मेंदूवरून होईल का, असं एका वाचकाने विचारलं तेव्हा हा बुलबुल आठवला. मेंदू त्यालाही आहेच की!

जाणिवेची खूण मेंदूतल्या पेशींत २५ वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी १९९८मध्ये लावली होती. जून २०२३मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत त्यांनी हार मान्य केली आणि वाइन दिली. त्यात १९७८ची मदेरा होती. (हरावं तर असं!) पण जाणीव वेगळी आणि ‘हा मीच’ हे ओळखणं वेगळं. त्या ओळखीबद्दलचा एक जुना प्रयोग मला या पैजेहून जास्त मोलाचा वाटतो.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांना तो सुचला विद्यार्थिदशेत, आरशासमोर दाढी करताना. चिम्पान्झींसमोर त्यांनी १० दिवस आरसा ठेवला. सुरुवातीला चिम्पान्झी बुलबुलासारखेच वागले, समोर कुणी परका आहे असं समजून. दोन-तीन दिवसांत मात्र ते आरशात बघून दातांत अडकलेलं अन्न काढू लागले, तोंडं वेडीवाकडी करू लागले. मग गॅलपनी त्यांना भूल देऊन एका भुवईवर आणि दुसऱ्या बाजूच्या कानावर वास न येणारा लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरसा नव्हता तोवर त्या डागांची त्यांनी फारशी दखल घेतली नाही. आरसा आला आणि बोटं डागांवर गेली! काहींनी तर बोट हुंगूनही पाहिलं. १९७०मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आरशाची कसोटी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. तिची मिजास फार नको; २०१९मध्ये एका छोट्या माशानेसुद्धा ती पार केल्याचा दावा झाला, आणि तो मानायला गॅलपच तयार नव्हते.

पाठ्यपुस्तकं सहसा गाळतात ती पुढची गोष्ट. १९७१मध्ये गॅलप आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून एकटे वाढवलेले चिम्पान्झी आरशासमोर आणले. मेंदू चिम्पान्झीचाच, डोळे शाबूत, आरसाही तोच. पण त्यांना स्वतःची ओळख पटली नाही. मग त्यांतल्या दोघांना काही महिने इतर चिम्पान्झींची सोबत मिळाली, तेव्हा ती ओळख उमटू लागली. प्राणी अगदी मोजके होते, तेव्हा यावर इमले बांधू नयेत. तरी मला हा प्रयोग सोडवत नाही. मराठीत ‘आपण’ म्हणजे स्वतः आणि ‘आपण’ म्हणजे आपण सगळे. हा निव्वळ योगायोग असेल, पण काय झकास योगायोग!

यावर मेंदूवाले म्हणतील, सोबतीने बदलला तो मेंदूच ना? मान्य. ओळखणारा मेंदूच, आणि त्याला इजा झाली तर ही ओळख पुसलीही जाते. पण तो बदल कशाने घडला, हे सांगायची वेळ आली की शेजारच्या चिम्पान्झीचं नाव घ्यावंच लागतं, आणि तो तर कवटीच्या बाहेर बसलेला असतो.