हरणाच्या शिकारीतील पिस्तुलाची गोळी

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर वापरून मध्यम आकाराच्या प्राण्यांची शिकार करण्याची प्रथा मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. पांढऱ्या शेपटीचे हरीण, प्राँगहॉर्न, रानडुक्कर हे प्राणी या वर्गात मोडतात. या शिकारीत गोळीची निवड हा निव्वळ आवडीचा प्रश्न नसतो. निवड चुकल्यास जखमी जनावर दूर पळून जाते आणि तडफडत मरते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस सर्वसाधारणपणे बंदी आहे.

मराठी वृत्तपत्रांत ‘गोळी’ हा शब्द संपूर्ण काडतुसालाही सैलपणे लावला जातो. वस्तुतः काडतुसाचे पुंगळी, टोपी, दारू व गोळी असे चार भाग असतात. नळीतून बाहेर पडून लक्ष्यावर आदळतो तो भाग म्हणजे गोळी. प्रस्तुत लेखात हाच अर्थ घेतला आहे.

वेगाची मर्यादा

शिकारी रायफलीची गोळी सेकंदाला ८०० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघते. रिव्हॉल्व्हरच्या .४४ मॅग्नम काडतुसातील २४० ग्रेन (सुमारे १५.५ ग्रॅम) वजनाच्या गोळीचा वेग नळीच्या लांबीनुसार ४०० मीटरच्या आसपास असतो. तिची ऊर्जा सुमारे १,२५० ज्यूल भरते; .३०-०६ रायफलीच्या गोळीची ऊर्जा तिच्या तिपटीच्या घरात जाते.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. अतिवेगवान गोळी शरीरात शिरताना भोवतीच्या ऊती क्षणभर इतक्या ताणते की त्या फाटतात. पिस्तुलाच्या वेगाला असा ताण पडतो, पण बहुतेक ऊती तो सोसून पूर्ववत होतात. त्यामुळे गोळी जेवढे भोक प्रत्यक्ष पाडील तेवढीच इजा. हे भोक पुरेसे रुंद हवे आणि फुप्फुसे वा हृदय यांच्या आरपार जाण्याइतके खोलही हवे. अमेरिकी शिकारी व लेखक एल्मर कीथ यांनी जड, ओतीव शिशाच्या, चपट्या टोकाच्या गोळ्यांचा आयुष्यभर पुरस्कार केला तो याच विचाराने. १९५५ साली .४४ मॅग्नम काडतूस बाजारात आले, त्यामागे त्यांचा आग्रह मोठा होता. त्यापूर्वी १९३५ मध्ये आलेले .३५७ मॅग्नमही हरणासाठी वापरले जाते. मात्र जवळच्या अंतरावरून आणि जड गोळी घेऊन.

प्रसरण आणि भेदन

पोकळ किंवा उघड्या, मऊ टोकाची गोळी आदळताच छत्रीसारखी फुलते. भोक रुंदावते, पण फुललेली गोळी लवकर थांबते. कठीण ओतीव गोळी फारशी फुलत नाही. ती खोल जाते व बहुधा पलीकडून बाहेर पडते. दोन्ही बाजूंनी रक्त वाहिल्याने जनावराचा माग काढणे सोपे होते. हाताशी ऊर्जा मोजकीच असल्याने एक गुण वाढवला की दुसरा घटतो.

स्वसंरक्षणासाठी बनवलेल्या पोकळ टोकाच्या गोळ्या येथे अनेकदा अपुऱ्या पडतात. त्या तुलनेने कमी वेगाला फुलाव्यात अशी त्यांची रचना असते. मॅग्नमच्या वेगाने खांद्याच्या हाडावर आदळल्या, तर त्या आत पोहोचण्यापूर्वीच तुटतात. उलट, संपूर्ण धातूच्या आवरणाची गोल टोकाची गोळी अरुंद भोक पाडून निघून जाते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणासाठी तिला मनाई आहे.

फुलणाऱ्या गोळीचा इतिहास भारताशीही जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात अशा गोळ्या बनल्या आणि ‘डमडम’ हे नाव जगभर पसरले. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात त्यांचा वापर निषिद्ध ठरवला. युद्धात जी क्रूर ठरली तीच गोळी शिकारीत मृत्यू लवकर आणते म्हणून योग्य मानली जाते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

चाचणी

१९०४ मध्ये अमेरिकी लष्करातील थॉम्पसन व लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत जिवंत गुरांवर आणि मृत मानवी देहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. नमुना लहान होता आणि निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली; तरी .४५ व्यासाचा आग्रह त्यातूनच रुजला. आज असे प्रयोग सहसा कोणी करीत नाही. त्यांची जागा जिलेटिनच्या ठोकळ्याने घेतली आहे. मार्टिन फॅकलर या लष्करी शल्यविशारदांनी १०% जिलेटिन ४ अंश सेल्सियसला वापरण्याची पद्धत रूढ केली. ठोकळा योग्य बनला आहे की नाही, हे आधी छर्रा झाडून तपासतात: ४.५ मिमी व्यासाचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने सोडल्यास साधारण ८.५ सेंमी आत गेला पाहिजे. ही तपासणी न केलेल्या ठोकळ्यातील मापे इतर मापांशी ताडून पाहता येत नाहीत.

त्यानंतर खोली, फुललेला व्यास आणि उरलेले वजन नोंदवतात. २४० ग्रेनची गोळी बाहेर काढल्यावर २१६ ग्रेन भरली, तर ९०% वजन टिकले. घरगुती चाचणीत पाण्याचे डबे किंवा भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रांगेत लावतात. त्यांतून दोन गोळ्यांची आपसांत तुलना होऊ शकते. हरणाच्या शरीरात गोळी किती खोल जाईल हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. जिलेटिनलाही कातडी नसते आणि हाडेही नसतात.

एक चूक वारंवार होते. चाचणी काही पावलांवरून होते आणि शिकार १०० मीटरवरून. तेवढ्या अंतरात ४०० मीटरचा वेग ३२०–३३० पर्यंत उतरतो, आणि जवळून सुरेख फुललेली गोळी तेथे मुळीच न फुलण्याचा संभव असतो. म्हणून कमी दारूची काडतुसे भरून, दूरवरच्या वेगाइतक्याच वेगाने चाचणी घेणे हितावह ठरते.

नेमाची चाचणी याहून साधी, पण अधिक निर्णायक. हरणाच्या छातीतील मर्मस्थान सुमारे २० सेंमी व्यासाचे धरतात. शिकारीत ज्या स्थितीत बसून वा टेकून नेम धरायचा, त्याच स्थितीतून झाडलेल्या सर्व गोळ्या ज्या अंतरापर्यंत तेवढ्या वर्तुळात पडतात, तेवढाच त्या शिकाऱ्याचा पल्ला. पिस्तुलाला खांद्याचा आधार नसल्याने अनेकांचा पल्ला ५० मीटरच्या आतच संपतो.

शिशाचा प्रश्न

शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात व टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात. ते खाऊन कॅलिफोर्निया कॉन्डॉर या दुर्मीळ गिधाडाला विषबाधा होते. १९८२ मध्ये या जातीचे अवघे २२ पक्षी उरले होते. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर संपूर्ण बंदी घातली. पर्यायी तांब्याची गोळी जवळजवळ सर्व वजन टिकवते. पण तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते व पुंगळीतील दारूची जागा व्यापते. म्हणून ती सहसा कमी वजनाची घेतात आणि तिची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते.