मोसूलचे कापड, मोखाची कॉफी : मालाला गावाचे नाव कसे चिकटते?

आपल्या जलशांतून एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते. कागद आमचा, आकडे आमचे, कॉफी आमची, साबण आमचा, इतकेच काय, बँकेचा चेकसुद्धा आमचाच. ऐकणारे खूश होऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मालेगाव-भिवंडीचा आपला भाऊ कोरे कापड मोजून ट्रकमध्ये भरतो. ते कापड पाली-बालोत्र्याला रंगायला जाते आणि बाजारात येते तेव्हा त्यावर दुसऱ्याच कोणाचे तरी नाव असते.

अरब मुलखाकडून रोजच्या वापरातल्या पुष्कळ वस्तू जगाला मिळाल्या, हे खरेच आहे. पण त्यांची हकीकत भाषणात सांगतात तशी सरळ नाही. ती नीट समजून घेतली, तर अभिमानाबरोबर धंद्याचा एक धडाही मिळतो. तोच येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. अरब मुलूख म्हणताना आम्ही मुख्यतः इराक, शाम म्हणजे सीरिया व त्याच्या आसपासचा प्रदेश आणि यमन एवढा भाग धरला आहे.

कापडावर शहरांची नावे

आमचा व्यवसाय कापडाचा, म्हणून सुरुवात कापडापासून करू. तलम सुती कापडाला इंग्रजीत 'मस्लिन' म्हणतात. हे नाव इराकमधील मोसूल शहरावरून पडले. पण तेराव्या शतकातील व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने मोसूलच्या ज्या कापडाची नोंद केली, ते सुती नव्हतेच; ते जरीचे आणि रेशमाचे होते. पुढे तेच नाव तलम सुती कापडाला लागले. ज्या मस्लिनसाठी युरोपचे व्यापारी धावत आले, ती तर ढाक्याच्या आसपास विणली जात होती. हात बंगालच्या विणकराचा आणि नाव मोसूलचे, असा हा प्रकार झाला. 'ढाकाई मस्लिन' या नावाला बांगलादेशात भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२० साली.

दुसरे नाव 'डॅमस्क'. हे दिमश्क शहरावरून आले. या कापडात नक्षीसाठी वेगळा रंग लागत नाही. एकाच रंगाच्या सुतात जमिनीवर ताणा वर ठेवायचा आणि नक्षीच्या जागी बाणा वर आणायचा. उजेड पडला की दोन्हींची चमक वेगळी दिसते आणि फूल उठून येते. हॉटेलातले पांढरे टेबलक्लॉथ वाकडे धरून पाहावे, म्हणजे ही करामत लक्षात येईल.

तिसरे नाव आपल्या विणकरांना जास्त जवळचे आहे. एक धागा वर, एक खाली, अशा साध्या विणीला इंग्रजीत 'टॅबी' असेही म्हणतात. बगदादमध्ये 'अत्ताबिया' नावाचा एक मोहल्ला होता. तेथे विणल्या जाणाऱ्या रेशीम व सुताच्या मिश्र कापडाला 'अत्ताबी' म्हणत. स्पेनचे मुसाफिर इब्न जुबैर ११८४ साली बगदादला आले होते. त्यांनी या मोहल्ल्याची आणि तिथल्या रंगीबेरंगी कापडाची नोंद केली आहे. अत्ताबीचे युरोपात 'टॅबी' झाले आणि पट्ट्यापट्ट्यांच्या मांजरालाही इंग्रज 'टॅबी' म्हणू लागले. मोहल्ला इतिहासजमा झाला, त्याचे नाव मांजराच्या अंगावर राहिले.

रेशीम आणि सूत मिसळून विणण्याची कला आपल्याकडेही आहे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू आणि मशरू त्याच जातीचे. 'मशरू' म्हणजे शरियतने मंजूर केलेले. पुरुषांना शुद्ध रेशीम मना, म्हणून अंगाला सूत लागेल आणि वरून रेशीम चमकेल, अशी तोड विणकरांनी काढली.

वहीतले शब्द

आपण दुकानात बसून हिशेब लिहितो. दुकान, हिशेब, रक्कम, जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, किंमत, मुदत, तारीख, दलाल, सराफ हे सगळे शब्द मूळ अरबी आहेत आणि बहुतेक फारसीच्या वाटेने मराठीत आले. बहामनी, निजामशाही, आदिलशाही दरबारांत कारभार फारसीतून चाले. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. तरी बाजारातले शब्द बाजारातच राहिले. आज कोणत्याही धर्माचा दुकानदार 'बाकी वसूल झाली' असेच म्हणतो.

इंग्रजीतही असे शब्द आहेत. कागदाचे 'रीम' हे अरबी 'रिज्मा' म्हणजे गठ्ठा. जकातीचे 'टॅरिफ' हे 'तारीफ' म्हणजे माहिती देणे. वजनकाट्याच्या पावतीवर ग्रॉस, टेअर आणि नेट असे तीन आकडे असतात. त्यातले 'टेअर' हे 'तर्हा', म्हणजे टाकून द्यायचे, वजा करायचे ते.

जे आपले नाही तेही सांगावे

येथे खरे बोलणे जरुरीचे आहे. कागद बनवण्याची विद्या चीनची. ती समरकंदमार्गे आली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. युरोपात 'अरबी आकडे' म्हणतात ते मुळात हिंदुस्थानचे. अरबांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. ते स्वतः आजही आपल्या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात. बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात या हिंदी हिशेबावर पुस्तक लिहिले. पुढे पिसा शहरातील फिबोनाची हा अल्जीरियाच्या बिजाया बंदरात हे आकडे शिकला, कारण त्याचे वडील तेथे पिसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत होते. त्याने १२०२ साली पुस्तक लिहून ते युरोपला शिकवले. म्हणजे शून्य हिंदुस्थानातून निघाले, बगदादला पुस्तकात आले आणि बंदरावरच्या व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पोहोचले.

चेकचेही तसेच. अब्बासी काळात 'सक्क' नावाची लेखी चिठ्ठी व्यापारात चालत होती, यात शंका नाही. दहाव्या शतकातील मुसाफिर इब्न हौकल यांनी सहारा वाळवंटाच्या व्यापारात ४२,००० दीनारांचे एक सक्क पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. परंतु 'चेक' हा शब्द सक्कवरून आला, असे इंग्रजी कोश मानत नाहीत. ते त्याचा संबंध बुद्धिबळातल्या फारसी 'शाह'शी लावतात. तेव्हा शब्दासाठी भांडू नये. एका माणसाच्या सहीवर वाळवंटाच्या पलीकडे एवढी रक्कम मानली जात होती, ही अभिमानाची गोष्ट त्यापेक्षा मोठी आहे.

ताटातले पदार्थ

खाण्याच्या पदार्थांत आपली जिलबी म्हणजे अरबांची 'जलाबिया'. समोसा म्हणजे फारसीचा 'संबूसा'. या दोन्हींचा उल्लेख बगदादच्या दहाव्या शतकातील पाककृतींच्या पुस्तकात सापडतो. त्याच पुस्तकात गहू आणि मांस घोटून केलेल्या 'हरीसा'चीही कृती आहे. आपला हलीम त्याच घराण्यातला. यमनच्या हद्रमौत भागातील अरब निजामाच्या फौजेत होते. हैदराबादच्या बारकस वस्तीत त्यांचे वंशज आजही राहतात. अरबांचा हरीसा हैदराबादी मसाल्यांत मुरला आणि २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळाले.

साखर आपल्याकडून गेली. 'शर्करा'चे 'सुक्कर' आणि पुढे 'शुगर' झाले. मिस्र देशात ती अधिक स्वच्छ करण्याची कला वाढली आणि खडीसाखर 'मिस्री' या नावाने उर्दू-हिंदीत परत आली. कच्चा माल आपला, सफाई मिस्रची आणि नावही मिस्रचेच. कोरे कापड विकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

साबणावरचा शिक्का

शाममधील हलब, म्हणजे अलेप्पो शहराचा साबण जैतुनाचे तेल आणि 'गार' नावाच्या झाडाच्या फळांचे तेल यांपासून बनतो. पूर्वी खारासाठी वनस्पतींची राख वापरत. अरबीत या राखेला 'कली' म्हणत आणि त्यावरूनच रसायनशास्त्रातला 'अल्कली' शब्द आला. तेल आणि खार मोठ्या कढईत काही दिवस शिजवतात, जमिनीवर ओततात, घट्ट झाल्यावर वड्या पाडतात. प्रत्येक वडीवर कारखानदाराचा शिक्का मारतात आणि मग हवा खेळती राहील अशा राशी रचून वड्या कित्येक महिने सुकू देतात. बाहेरून साबण पिवळसर होतो, आत हिरवाच राहतो. घाई करून चालत नाही.

२०१२ पासून हलबमध्ये लढाई पेटली आणि कित्येक साबणवाल्यांना तुर्कस्थानात जावे लागले. तरी कृती आणि शिक्का त्यांनी सोडला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने हलबच्या साबणाचा आणि पॅलेस्टाईनमधील नाबलूसच्या साबणाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मोखाचे काय झाले?

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. पण कॉफी पिण्याचा रिवाज यमनच्या खानकाहांतून पसरला. पंधराव्या शतकात तेथील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून 'कहवा' पीत. १५११ साली मक्केत कॉफीवर बंदी आली, पण ती टिकली नाही. १५५० नंतरच्या काही वर्षांत हलब आणि दिमश्कच्या दोन माणसांनी इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकाने उघडली, असे तुर्की इतिहासकार लिहितात.

यमनचे मोखा बंदर या व्यापाराने भरभराटीस आले. सुरतेचे व्यापारी, त्यांत मुल्ला अब्दुल गफूर यांच्यासारखे बडे जहाजमालकही होते, तांबड्या समुद्राकडे हिंदुस्थानचे सुती कापड पाठवीत. आपल्या मुलखात कॉफी आणण्याचे श्रेय परंपरेने बाबा बुदन यांना देतात. त्यांनी मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पण सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी जावा बेटावर कॉफीची लागवड सुरू केली. मग इतर देशांनीही तेच केले. जावाचा माल भरपूर आणि स्वस्त. मोखाचा व्यापार ओसरत गेला आणि १८३९ नंतर इंग्रजांचे अदन बंदर पुढे निघून गेले. आज कॅफेत 'मोका' मागितली, तर चॉकलेट घातलेली कॉफी मिळते. यमनशी तिचा काही संबंध नसतो. नाव राहिले, धंदा गेला.

नाव टिकवणारी नजर

या शहरांची नावे मालाला का चिकटली? माल दरवेळी सारखा निघे, हे त्याचे एक मोठे कारण. त्यामागे कारागिराचा हात होता, तशी बाजारावरची नजरही होती. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला सांगितले, ही हदीस आपण सर्व जाणतो. पुढे या कामासाठी 'मुहतसिब' नावाचा अधिकारी नेमला जाऊ लागला. शाममधील शैजरी यांनी बाराव्या शतकात मुहतसिबासाठी पुस्तक लिहिले. त्यात विणकर, रंगारी, कापूसवाले, शिंपी अशा प्रत्येक धंद्याचे नियम दिले आहेत. जुना कापूस नव्यात मिसळू नये. विणकराने गिऱ्हाइकाचे सूत वजन करून घ्यावे आणि कापडही वजन करूनच परत द्यावे, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. मजुरीवर माग चालवणाऱ्या आपल्या भावांना हा नियम नवा वाटणार नाही. सुताच्या वजनावरून होणारी भांडणे आजही तीच आहेत.

आपण काय करावे?

नाव जपण्यासाठी आज कायदा आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याची कचेरी चेन्नईला आहे. एकट्या दुकानदाराच्या मालकीचे हे मानांकन नसते. उत्पादकांच्या संघटनेने किंवा संस्थेने अर्ज करायचा असतो. नोंद दहा वर्षांची असते आणि नंतर तिचे नूतनीकरण करता येते. नोंद झाल्यावर एकेका कारागिरालाही 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपले नाव घालता येते. आपल्याकडे पैठणी आणि सोलापुरी चादर यांना हे मानांकन आहे. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळाले. २०२५ साली इटलीच्या 'प्राडा' कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये दाखवली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. हातात नोंदीचा कागद होता, म्हणून बोलण्याला वजन आले.

मात्र नुसत्या कागदाने नाव टिकत नाही. ताग्यात मीटर कमी भरला, कच्चा रंग पक्का म्हणून विकला, तर मानांकनाची चौकट भिंतीवरच राहील. आपल्या मोहल्ल्यात जो माल खास निघतो, त्याचे सूत, वीण, रुंदी आणि वजन काय असावे, हे कारागिरांनी एकत्र बसून ठरवावे, लिहून काढावे आणि ते मोडणाऱ्याला आपणच टोकावे. संघटना नसेल तर आधी ती उभी करावी. बगदादचा अत्ताबिया हा एक मोहल्लाच होता, आणि कापडाच्या बाजारात आठशे वर्षांनंतरही त्याचे नाव घेतले जाते. आपल्या मोहल्ल्याचे नाव पुढच्या ताग्याच्या काठावर छापायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.