साखळीपासून रोव्हरपर्यंत

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद तुकडा. हे माप आले जमीन मोजण्याच्या जुन्या शंकू-साखळीच्या लांबीवरून. आता भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक बांधावर येतो तो काठीवर बसवलेला रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या संकेतांवरून जागा टिपणारे यंत्र, घेऊन.

जागा तर मोबाइलही दाखवतो, पण त्यात 3 ते 5 मीटरची चूक सहज होते. तेवढ्यात बांधावरचा आंबा शेजाऱ्याचा होतो! सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून येणारे उपग्रहाचे संकेत वातावरणात किंचित रेंगाळतात, हे या चुकीचे एक मोठे कारण. उपाय म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स स्थानके. त्यांची जागा आधीच अचूक ठाऊक असते. त्यामुळे उपग्रहाच्या मोजमापातली चूक तिथे लगेच उमगते आणि दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला क्षणोक्षणी मिळते. मग फरक उरतो दोन-तीन सेंटीमीटरचा.

दाट झाडीखाली किंवा रेंज नसेल तिथे मात्र रोव्हर अडखळतो. शिवाय तो फक्त बिंदू अचूक टिपतो. हद्द कोणती, हे टिपण, फाळणी आणि गटनकाशा या मोजणीच्या जुन्या नोंदींशी जुळवूनच ठरते.