अवकाशयान थांबते ते कशाने?

बिदरच्या किल्ल्यातील मातीने काळी केलेली बिदरी सुरई पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जस्त-तांब्याच्या त्या मिश्रधातूला लोखंडासारखा गंज चढत नाही. अवकाशयानाभोवती तर गंज चढवणारी हवाच नसते. तरीही त्याचे आयुष्य मोजके, कारण ते धातूवर नव्हे, तर वीज, इंधन आणि तापमान यांवर ठरते.

२००८चे चांद्रयान-१ दोन वर्षांसाठी होते. अतिउष्णतेचा फटका बसून ३१२ दिवसांतच ते अबोल झाले. नष्ट मात्र झाले नव्हते! ते चंद्राभोवती फिरत असल्याचे नासाच्या रडारने पुढे दाखवून दिले.

मंगळयानाचे उलट झाले. सहा महिन्यांच्या कामगिरीवर गेलेले हे यान सप्टेंबर २०१४ पासून साडेसात वर्षे राबले. बंगळुरूजवळच्या ब्यालाळू येथील ३२ मीटर व्यासाची अँटेना त्याच्याशी बोलत असे. त्याची बॅटरी एक तास चाळीस मिनिटांच्या ग्रहणापुरतीच बनवलेली. म्हणून इंधन जाळून कक्षा बदलायची आणि लांबलचक ग्रहणे चुकवायची, हाच उपाय. इंधन आटल्यावर तोही उरला नाही. एप्रिल २०२२ मध्ये दीर्घ ग्रहणानंतर संपर्क तुटला.

१९७७चे व्हॉयेजर-१ सूर्यप्रकाशावर विसंबत नाही. प्लुटोनियमच्या उष्णतेतून मिळणारी त्याची वीज दरवर्षी सुमारे चार वॅटने घटते आणि शास्त्रज्ञ त्याचे एकेक उपकरण बंद करीत आहेत.