झेरॉक्स आणि कॉपीराइट

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात पदवीचा अभ्यास करणाऱ्याला परदेशी संदर्भग्रंथ विकत घेणे जडच जाते. त्यातले एखादे प्रकरण झेरॉक्स केले, तर ती चोरी?

२०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी अशाच झेरॉक्सवरून दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर विद्यार्थ्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने शिकवण्यासाठी झेरॉक्सला मुभा देणारा कायद्याचा तोच उदार अर्थ उचलून धरला, पण झेरॉक्स केलेला मजकूर अभ्यासक्रमाला खरोखर लागतो का, हे तपासायला सांगितले. ही तपासणी रास्तच होती. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या निकालांना आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ चा. कायदा केंद्राचा, त्यामुळे मानोऱ्यातही कलम तेच.