पाणवठ्यावर मगरीपासून सावधगिरी

भारतात गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर व सुसर अशा तीन जाती आढळतात. सुसर मुख्यतः मासे खाते. माणसांवरील हल्ले प्रामुख्याने पहिल्या दोन जातींकडून होतात.

मगर शीतरक्ताची असल्याने ऊब मिळविण्यासाठी काठावर निश्चल पडून राहते. ती सुस्त भासली तरी जवळ जाऊ नये. पाण्यात ती केवळ डोळे व नाकपुड्या वर ठेवून दबा धरते आणि काठाशी आलेल्या भक्ष्यावर अकस्मात झडप घालते. म्हणून खरा धोका काठावरच असतो.

हे करावे : धुणे-भांडी काठापासून दूर नेऊन करावीत. मुलांना एकटे पाठवू नये. अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये. अंडी व पिले यांच्या जवळ जाऊ नये. मादी त्यांची राखण करते. मगर वस्तीत शिरल्यास वनविभागास कळवावे.

चावा घेतल्यास : रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम लहान असली तरी साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, चुना, माती लावू नये. दातांबरोबर जंतू खोलवर जातात. म्हणून धनुर्वाताची लस व औषधोपचारासाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.