सेकंड हँड? हो, पण जपानची!

रात्रीचा दीड वाजलाय. ‘हे शेवटचंच रील’ असं स्वतःला चौथ्यांदा सांगून तुम्ही स्क्रोल करताय आणि समोर येते निळी निसान स्कायलाइन. मागचे चार गोल लाल दिवे, तो आवाज, झोप गायब! मग ग्रुपवर मेसेज जातो, ‘भावा, ही इंडियात आणायला किती लागतील?’ ग्रुपमध्ये एक सर्वज्ञ असतोच. तो म्हणतो, ‘माझ्या ओळखीत एक जण आहे, पेपर्स करून देतो.’

थांबा. त्या ‘एका जणाला’ फोन करायच्या आधी हे वाचा.

‘जेडीएम’ हा शब्द तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. जॅपनीज डोमेस्टिक मार्केट, म्हणजे जपानने स्वतःच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या गाड्या. रीलमध्ये स्कायलाइन आणि सुप्रा दिसतात, पण जपानमधून जुन्या होऊन जगभर जाणाऱ्या गाड्यांत साध्यासुध्या हॅचबॅकच भरपूर असतात. होंडा फिट (आपल्याकडे तिलाच जॅझ म्हणायचे), टोयोटा व्हिट्झ, टोयोटा अ‍ॅक्वा, माझदा डेमिओ. केनियातला शिक्षक, श्रीलंकेतला दुकानदार, न्यूझीलंडमधला विद्यार्थी, सगळ्यांच्या दारात याच.

चांगली गाडी विकतात तरी का?

याचं उत्तर आहे ‘शाकेन’. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तपासणीसोबत वजनावरचा कर आणि सक्तीचा विमाही भरावा लागतो, त्यामुळे एका शाकेनचं बिल सहज एक लाख येनच्या आसपास जातं. त्यात पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की कर वाढतो. मग माणूस विचार करतो, एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीनच घेऊ.

दुसरं कारण म्हणजे ट्रेन. मोठ्या शहरांत लोक कामाला ट्रेनने जातात, गाडी रविवारी बाहेर निघते. त्यामुळे दहा वर्षांची गाडी बऱ्याचदा कमी चाललेली असते. शिवाय बहुतेक भागांत गाडी नावावर करायची तर ‘माझ्याकडे पार्किंग आहे’ याचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. हा नियम उद्या पुण्यात आला तर अर्ध्या शोरूमना टाळं लागेल, पण ते जाऊ दे.

लिलावाचा कागद

या जुन्या गाड्या विकल्या जातात लिलावात. टोकियोजवळ चिबामधल्या नोदा इथे ‘यूएसएस’ कंपनीचं प्रचंड लिलाव केंद्र आहे. एकेका गाडीचा फैसला काही सेकंदांत होतो. हात वर करायचा नाही, बटण दाबायचं. बाहेरच्या देशातला डीलर तर गाडी प्रत्यक्ष बघतही नाही. तो बघतो एक कागद, ऑक्शन शीट.

हा कागद म्हणजे गाडीचं प्रगतिपुस्तक. वरच्या कोपऱ्यात ग्रेड असते. चार किंवा साडेचार म्हणजे छान, तीन म्हणजे बरी. ‘आर’ लिहिलेलं असेल तर गाडीच्या मुख्य सांगाड्याची दुरुस्ती झालेली आहे. आतल्या सीट आणि डॅशबोर्डला वेगळं अक्षर. खाली गाडीचं चित्र काढून त्यावर खुणा केलेल्या असतात. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘एस’ म्हणजे गंज. शेजारचा आकडा जितका मोठा तितकी इजा मोठी.

म्हणूनच परदेशात जपानची जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा नसून ‘ऑक्शन शीट कुठाय?’ हा असतो. आणि मीटर मागे फिरवणारे जगात सगळीकडे आहेत. जपानमध्ये कागदावर लाख किलोमीटर असलेली गाडी दुसऱ्या बंदरात उतरेपर्यंत साठ हजारांची ‘तरुण’ होऊ शकते.

ऑकलंडला निघालात?

आपल्यातले काही जण मास्टर्ससाठी न्यूझीलंडला जातात. तिथे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, स्टिअरिंग उजवीकडे. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या सरकारने आयातीचे नियम सैल केले आणि जपानच्या जुन्या गाड्यांचा लोंढा सुरू झाला. आज रस्त्यावरच्या जवळपास निम्म्या गाड्या अशा ‘सेकंड हँड’ म्हणून देशात आलेल्या आहेत. सामान्य माणसाला स्वस्तात चांगली गाडी मिळाली. पण १९९८ मध्ये आयातशुल्क शून्यावर आलं आणि त्याच वर्षी टोयोटा, होंडा, निसान आणि मित्सुबिशीचे तिथले गाडी जोडणीचे कारखाने बंद पडले. आपली स्वस्त गाडी म्हणजे कोणाची तरी गेलेली नोकरी, हेही या गोष्टीत आहे.

गाडी बोटीतून उतरली की आधी किड्यांची तपासणी! गंमत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून आलेल्या गाड्यांच्या बोटींवर दुर्गंधी सोडणारे ढेकण्यासारखे किडे सापडले. ते शेतीची वाट लावतात, म्हणून न्यूझीलंडने त्या बोटी गाड्या उतरवू न देता परत पाठवल्या.

समजा, तुमची गाडी सुखरूप उतरली, तुम्ही घेतली, चावी फिरवली. आतून एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी सांगतात. घाबरू नका. ‘ईटीसी कार्ड घातलेलं नाही,’ एवढंच त्यांचं म्हणणं. ईटीसी म्हणजे तिकडचा फास्टॅग. नकाशा अजून टोकियोतच अडकलेला असतो. आणि रेडिओवर निम्मी स्टेशनं लागतच नाहीत. जपानचं एफएम ७६ मेगाहर्ट्झला सुरू होतं आणि जुने रेडिओ ९० ला थांबतात, न्यूझीलंडचं चालतं ८८ ते १०८. मग ‘बँड एक्स्पांडर’ नावाची डबी बसवायची.

हे झालं गमतीचं. आता गंभीर. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग आठवतात? फुगताना धातूचे तुकडे उडून जगभरात माणसं दगावली. अशा गाड्या जपानमधून जुन्या होऊन बाहेरही गेल्या होत्या. २०१८ मध्ये न्यूझीलंडने सर्वांत धोकादायक प्रकारच्या एअरबॅगसाठी सक्तीचा रिकॉल काढला. त्यामुळे स्वस्त गाडी दिसली की भाव करण्याआधी पुढची यादी मोबाइलमध्ये सेव्ह करा.

पैसे देण्याआधी

• डीलरच्या गाडीवर माहितीचा सक्तीचा फलक लावलेला असतो. आयात होताना गाडी ‘डॅमेज्ड’ होती का, ते त्यावर कळतं.
• ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ ताजं, म्हणजे महिन्याच्या आतलं मागा.
• ओळखीच्याच माणसाकडून घेत असाल तरी ‘पीपीएसआर’ या सरकारी नोंदणीत गाडीवर कर्ज आहे का बघा. नाहीतर कर्ज त्याचं आणि गाडी जाईल तुमची.
• एअरबॅगचा रिकॉल पूर्ण झालाय का, चेसिस नंबरवरून तपासा.
• निसान लीफसारखी इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरीच्या १२ पट्ट्यांपैकी किती शिल्लक आहेत ते मोजा.
• तिथे गाडीचा विमा सक्तीचा नाही. म्हणून काढायचा नाही, असं नाही! समोरच्या महागड्या गाडीला ठोकलंत तर एका वर्षाची फी गेली म्हणून समजा.

आणि आपल्याकडे?

आता ग्रुपवरच्या त्या प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक देशाची दारं वेगवेगळी आहेत. केनिया आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाही. अमेरिकेचं उलटं, तिथल्या नियमांसाठी न बनलेली गाडी २५ वर्षांची झाली की आत येऊ शकते. म्हणून १९९९ ची स्कायलाइन जीटी-आर आर३४ तिथे २०२४ पासून चालली. श्रीलंकेने तर डॉलर वाचवायला २०२० मध्ये गाड्यांची आयातच थांबवली होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली.

भारताचा नियम असा, की वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, आणि ती उतरणार फक्त मुंबई बंदरात. वर शुल्क. अनेक वर्षं मूळ सीमाशुल्कच १२५ टक्के होतं. म्हणजे दहा लाखांच्या गाडीवर साडेबारा लाख नुसतं तेच, बाकीचे कर वेगळे. आर३४ चं उत्पादन २००२ मध्ये संपलं. तीन वर्षांचं गणित तुम्हीच करा.

अन्याय वाटतो? मलाही वाटला. पण दुसरी बाजू बघा. जपानची छोटी गाडी आपल्याकडेही आलीच की, १९८३ मध्ये, मारुती ८०० म्हणून. फरक एवढाच की ती जुनी होऊन आली नाही, इथे बनली. चाकणपासून नाशिक, छत्रपती संभाजीनगरपर्यंत आज वाहन उद्योगावर किती घरं चालतात, हे वेगळं सांगायला नको. तुमच्याच वर्गातल्या मेकॅनिकलच्या मित्राचं प्लेसमेंट कदाचित त्यातलंच असेल. न्यूझीलंडने ग्राहक निवडला, आपण कारखाना निवडला. दोन्हीची किंमत कोणीतरी मोजलीच.

आणि तो ‘पेपर्स करून देणारा’? सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवलं. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत गाडी. भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून अनेक महागड्या गाड्या जप्त झाल्या. आणणारा कोणीही असो, कस्टम्स येतं ते ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याच्याकडे.

त्यामुळे ग्रुपवर उत्तर टाकायचं असेल तर हे टाका: ‘भावा, आर३४ इथे कायद्याने येत नाही. पोस्टर लाव. आणि कुठल्याही देशात गाडी घे, आधी कागद बघ, मग कलर.’